टोकियोतील मिशनरींचा मोफत इंग्रजी संभाषण वर्ग : दीड वर्षाचा अनुभव

टोकियोच्या एदोगावा भागात, निशी-कासाई स्थानकाच्या आसपास, बरीच मराठी कुटुंबे राहतात. येथे आल्यावर जपानी भाषेची अडचण येणार, हे प्रत्येकाने गृहीत धरलेले असते. माझी अडचण मात्र इंग्रजीची निघाली. माझे शिक्षण सातारा जिल्ह्यातील एका गावात मराठी माध्यमातून झाले. इंग्रजी मला वाचता येते, समजते, अर्जही लिहिता येतो. परंतु मुलाच्या भारतीय शाळेतील पालकसभेत शिक्षिकेसमोर बसले की मनात जुळवलेले वाक्य ओठांवर येईपर्यंत विरून जात असे आणि माझ्या मुलाविषयी जे काही बोलायचे ते माझे पती बोलत. एका खासगी भाषाशाळेत मी तीन महिने पैसे भरून पाहिले. तेथे पुस्तकाची पाने वेळेवर संपत, बोलण्याचे काम मात्र बहुतांशी शिक्षकच करीत.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या आजींनी मला या वर्गाची वाट दाखविली. त्या सत्तरी ओलांडलेल्या आहेत, आणि माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत आमचे बरे चालते. दर बुधवारी संध्याकाळी त्या वही घेऊन कोठे जातात, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी दोनच शब्द सांगितले : “मुर्यो एइकाइवा.” म्हणजे मोफत इंग्रजी संभाषण. शिकविणारे कोण, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “सायकलवरची पोरे.” पांढरा सदरा, गळ्यात टाय, डोक्यावर हेल्मेट आणि छातीवर काळी नामपट्टी लावून नेहमी जोडीने फिरणारी ती मुले मी अनेकदा पाहिली होती, पण ती काय करतात याचा विचार कधी केला नव्हता.

ही मुले ‘द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या संप्रदायाची मिशनरी आहेत. जग त्यांना मॉर्मन म्हणून ओळखते. चर्चने मात्र 2018 मध्ये हे टोपणनाव न वापरता पूर्ण नाव वापरण्याचे आवाहन केलेले असल्यामुळे मीही पुढे त्यांना केवळ मिशनरी असेच म्हणते. जगभर त्यांची संख्या 70 हजारांहून अधिक आहे आणि त्यांतील बहुतेक जण विशीच्या अलीकडे-पलीकडे आहेत. 2012 मध्ये वयाची अट शिथिल झाली, तेव्हा मुलांना 18 व्या आणि मुलींना 19 व्या वर्षी जाण्याची मुभा मिळाली. मुले दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष सेवा करतात. कोणत्या देशात जायचे हे ती स्वतः निवडत नाहीत. चर्चकडून पत्र येते आणि त्यात लिहिलेल्या ठिकाणी जायचे असते. वेतन नसतेच, उलट अमेरिकेतील मुलांना खर्चासाठी दरमहा ठरावीक रक्कम स्वतः किंवा घरच्यांनी भरावी लागते. 2020 पासून ती 500 डॉलर आहे. आमचा पहिला शिक्षक आयडाहोतील शेतकरी घरातला होता आणि हे पैसे साठविण्यासाठी त्याने शाळा सुटल्यावर बटाट्याच्या शेतात काम केले होते.

पहिल्या संध्याकाळी मी दाराशी बराच वेळ घुटमळले. चर्चच्या सभागृहालगतची एक साधी खोली, भिंतीवर फळा, गोलाकार मांडलेल्या बारा-पंधरा खुर्च्या. त्यांवर निवृत्त आजी-आजोबा, कचेरीतून थेट आलेला एक गृहस्थ, महाविद्यालयात जाणाऱ्या दोन मुली आणि त्यांच्यात साडी सोडून मुद्दाम पँट घालून आलेली मी. नाव-गाव लिहून घेणे नाही, अर्ज नाही, शुल्क नाही. एका मिशनरीने माझे नाव विचारले, ते तीनदा चुकीचे उच्चारले आणि चौथ्यांदा बरोबर येईपर्यंत सोडले नाही. नंतर त्याने खिशातून एक छोटी वही काढून ते जपानी काताकाना लिपीत लिहून ठेवले. पुढील बुधवारी त्याने मला त्याच नावाने हाक मारली, आणि ‘ण’चा उच्चारही त्याने आठवडाभर घोटलेला दिसला.

वर्ग एक तासाचा असतो. आरंभी दहा मिनिटे सर्वांनी मिळून आठवड्यात घडलेली एखादी गोष्ट सांगायची, मग ज्यांना थोडेच येते आणि ज्यांना बऱ्यापैकी बोलता येते असे दोन गट करून दोन मिशनरी दोन कोपऱ्यांत बसतात. विषय अगदी घरगुती असतात : डॉक्टरकडे गेल्यावर काय सांगाल, हरवलेली छत्री स्थानकावर कशी मागाल, शेजाऱ्याच्या कुत्र्याविषयी तक्रार सौम्य शब्दांत कशी कराल. येथे मला जी गोष्ट सर्वाधिक मोलाची वाटली ती अशी, की विद्यार्थी बोलत असताना मध्येच चूक दाखविली जात नाही. वाक्य कितीही अडखळले तरी ते संपेपर्यंत मिशनरी थांबून राहतो, नंतर तेच वाक्य दुरुस्त करून सहज म्हणतो, आणि आपण ते पुन्हा म्हणतो. बोलणाऱ्याच्या तोंडातील शब्द हिसकावून घेणे किती सोपे असते आणि त्याने बोलणारा किती खचतो, हे या मुलांना ठाऊक आहे, कारण तीच वेळ त्यांच्यावर दररोज आलेली असते.

याचे कारण त्यांच्या प्रशिक्षणात आहे. जपानला पाठविण्यात येणारी अमेरिकन मुले युटा राज्यातील प्रोव्हो येथील प्रशिक्षण केंद्रात दोन महिन्यांच्या आसपास जपानी शिकतात आणि तेवढ्या तयारीवर येथे उतरतात. दुसऱ्याच दिवसापासून त्यांना रस्त्यावर, दारात, रेल्वे स्थानकावर जपानी माणसांशी जपानीतच बोलायचे असते. आयडाहोच्या त्या मुलाने आम्हाला सांगितले की, पहिल्या महिन्यात रविवारच्या सभेत ‘सर्व माणसे देवाची लेकरे आहेत’ असे म्हणताना त्याने माणूस या अर्थाच्या ‘निंगेन’ शब्दाऐवजी ‘निंजिन’ म्हटले, आणि निंजिन म्हणजे गाजर. सभेत कोणीही हसले नाही. सभा संपल्यावर एका वृद्ध बाईंनी त्याला बाजूला घेऊन, दोन्ही शब्द कागदावर लिहून, तो कागद त्याच्या हातात दिला. तो कागद त्याने जपून ठेवला होता आणि आम्हाला दाखविला. त्या दिवशी वर्गातील सर्वांत अबोल गृहस्थ प्रथमच सलग पाच मिनिटे इंग्रजी बोलले.

व्याकरणाच्या स्पष्टीकरणासाठी कोणी येथे येणार असेल तर त्याने अपेक्षा थोडी मर्यादित ठेवावी. ही मुले प्रशिक्षित शिक्षक नव्हेत. ‘आय हॅव लिव्ह्ड’ आणि ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ यांतील भेद मी विचारला, तेव्हा त्या मुलाने बराच विचार करून सांगितले की, त्याच्या कानाला कोठे काय बरे वाटते ते त्याला कळते, पण का ते कळत नाही. पुढच्या आठवड्यात मात्र त्याने कोठून तरी वाचून, उदाहरणे काढून, माझ्यासाठी अर्धे पान लिहून आणले. तो असेही म्हणाला की, स्वतःच्या भाषेला व्याकरण असते हे जपानी शिकू लागल्यावरच त्याच्या ध्यानात आले. भारतीय इंग्रजीतील काही शब्द त्यांच्यासाठी नवे असतात : शंका विचारायची या अर्थाने मी ‘आय हॅव अ डाउट’ म्हणत असे आणि त्यांना वाटे की माझा त्यांच्या सांगण्यावर विश्वास नाही. असे अर्थाचे घोटाळे पुस्तकातून कळत नाहीत, समोरच्याच्या चेहऱ्यावरूनच कळतात.

याच वर्गात मला एक उलटी देवघेवही करता आली आणि तिचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते, याचा त्या मुलांना फार त्रास होत असे. मी फळ्यावर ‘वाताशि वा होन ओ योमिमासु’ आणि त्याखाली ‘मी पुस्तक वाचते’ असे लिहून शब्दाखाली शब्द जोडून दाखविले. ‘गाक्को नि इकिमासु’ म्हणजे ‘शाळेला जाते’. जेथे त्यांचा ‘नि’ तेथे आपला ‘ला’, आणि दोन्ही नामाच्या मागेच चिकटतात. ‘आत्सुइ देसु ने’ यातील ‘ने’ तर आपल्या ‘गरम आहे ना’ मधील ‘ना’सारखाच कामाला येतो. मराठी माणसाला जपानी वाक्य उलटे करावे लागत नाही, ते सरळ तसेच्या तसे उतरते, हे पाहून त्या मुलाने वहीत मराठी वाक्ये उतरवून घेतली. ज्या भाषेमुळे मी आजवर संकोचत आले, तीच भाषा त्या संध्याकाळी एका परदेशी मुलाच्या उपयोगी पडली. मला वाटते, माझा इंग्रजीचा धाक त्याच दिवशी निम्म्याने कमी झाला.

या मुलांचा दिवस कसा जातो, हे विद्यार्थ्यांच्या प्रश्नोत्तरांतून हळूहळू कळत गेले, कारण ‘तुमची दिनचर्या सांगा’ हा आरंभीच्या इंग्रजीचा ठरलेला धडा आहे आणि तो मिशनरींनाही सांगावा लागतो. सकाळी साडेसहाला उठणे, अर्धा तास व्यायाम, न्याहारी, मग धर्मग्रंथाचे स्वतःचे वाचन, त्यानंतर जोडीदारासह अभ्यास आणि त्याखेरीज जपानीचा अभ्यास. दुपारपूर्वी बाहेर पडायचे आणि रात्री नऊच्या सुमारास खोलीवर परतायचे; साडेदहाला दिवा बंद. 2017 पासून देशोदेशीच्या परिस्थितीनुसार या वेळांत थोडी मोकळीक मिळाली आहे. जोडीदाराला सोडून कोठेही एकट्याने जायचे नाही, आणि हा जोडीदार स्वतः निवडलेला नसतो. करमणुकीचे चित्रपट नाहीत, मित्र-मैत्रिणींसोबत भटकणे नाही. आठवड्यातून एक दिवस तयारीचा, बहुतेक ठिकाणी सोमवार. त्यात कपडे धुणे, किराणा, केस कापणे आणि घरी बोलणे. फेब्रुवारी 2019 पूर्वी घरी दूरध्वनी करण्याची परवानगी वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला, असे. आता दर आठवड्याला करता येतो. हे ऐकताना माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी डोळे पुसले आणि त्या मुलाला जपानीत विचारले, “या सोमवारी आईशी बोललास का?” त्याने इंग्रजीत उत्तर दिले, आणि आजींनी ते इंग्रजी वाक्य व्यवस्थित म्हणून दाखविले.

आता तो प्रश्न, जो आपल्यापैकी प्रत्येक जण प्रथम विचारील. हे मोफत कशासाठी? मी वारकरी घरातील आहे आणि माझ्या सासूबाईंनी दूरध्वनीवर हेच विचारले. उत्तर स्पष्ट आहे : ही मुले धर्मप्रसारासाठीच आलेली आहेत आणि ती ते लपवीत नाहीत. नामपट्टीवर चर्चचे नाव ठळक अक्षरांत असते. वर्ग संपल्यावर, ज्यांना थांबायचे असेल त्यांच्यासाठी, पाच-दहा मिनिटे ख्रिस्ताविषयी किंवा ‘बुक ऑफ मॉर्मन’ या त्यांच्या ग्रंथाविषयी काही वाचले जाते. ज्यांना निघायचे ते त्यापूर्वी निघतात. मला पहिल्या महिन्यात एकदा, अधिक जाणून घेण्याची इच्छा आहे का, असे विचारण्यात आले. मी सांगितले की, आमच्या घरी विठ्ठल आहे आणि मी त्याच्यापाशी सुखी आहे. तो मुलगा म्हणाला, “मला त्याच्याविषयी सांगाल का? इंग्रजीत.” त्या दिवशी मी पंढरीची वारी, पायी चालणारी दिंडी आणि कटेवर हात ठेवून उभा असलेला देव हे सर्व इंग्रजीत सांगण्याचा प्रयत्न केला. कटेवर हात याला इंग्रजी शब्द सापडेना, तेव्हा उभे राहून दाखविले. त्यानंतर मला पुन्हा तसे विचारण्यात आले नाही. ज्यांना केवळ हा विषय कानावर पडणेही नको असेल त्यांनी येथे येऊ नये, असे मी प्रामाणिकपणे सांगेन. ज्यांना नम्रपणे ‘नको’ म्हणता येते त्यांना अडचण येणार नाही, असा माझा अनुभव आहे.

जपानमधील या कामाला मोठा इतिहास आहे. ऑगस्ट 1901 मध्ये या चर्चचे एक ज्येष्ठ नेते हीबर ग्रँट तिघा सहकाऱ्यांसह योकोहामा बंदरात उतरले. त्यांपैकी ऑल्मा टेलर हा अवघा 19 वर्षांचा होता. भाषा मुळीच न येणारा हा मुलगा 1910 पर्यंत येथे राहिला, जपानी शिकला आणि 1830 मध्ये प्रथम प्रकाशित झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा जपानी अनुवाद त्याने केला. तो अनुवाद त्याने इकुता चोको या जपानी साहित्यिकाकडून तपासून घेतला आणि 1909 मध्ये तो छापला गेला. पुढे 1924 मध्ये जपानमधील मिशन बंद झाले आणि युद्धानंतर 1948 मध्ये पुन्हा सुरू झाले. टोकियोच्या मिनातो भागात त्यांचे मंदिर आहे. 1980 मध्ये अर्पण झालेले ते आशियातील त्यांचे पहिले मंदिर. टेलरची हकीकत आमच्या वर्गातील एका मिशनरीने सांगितली, तेव्हा त्याचा रोख धर्मावर नव्हता. एकोणीस वर्षांच्या मुलाला कोणी सुधारून सांगितले तर तो काय करू शकतो, यावर होता.

या वर्गाची खरी उणीव एकच आहे आणि ती त्यांच्या व्यवस्थेतूनच येते. दर सहा आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात. प्रत्येक वेळी प्रत्येकाची बदली होते असे नाही. पण झाली, तर एक-दोन दिवसांत दोन पेट्या भरून त्याच मिशनच्या हद्दीतील दुसऱ्या गावी जावे लागते. दीड वर्षात मला नऊ शिक्षक मिळाले. त्यामुळे धडे सलग पुढे जात नाहीत. नवा शिक्षक पुन्हा ओळखीपासून आरंभ करतो आणि ‘तुम्हाला कोणता पदार्थ आवडतो’ याचे उत्तर मी आता झोपेतही देऊ शकेन. दुसऱ्या बाजूने, नऊ जणांचे नऊ उच्चार कानावर पडले, त्यांत हवाईचा एक आणि न्यूझीलंडची एक होती, हा लाभही लहान नाही. परीक्षेची तयारी करणाऱ्याने मात्र पैसे भरून शिकविणारा वर्गच निवडावा.

आयडाहोचा मुलगा जाणार असे कळले तेव्हा आम्ही त्याला आणि त्याच्या जोडीदाराला जेवायला बोलाविले. घरात पुरुष नसताना बाईच्या घरी न जाण्याचा त्यांचा नियम असल्यामुळे माझे पती कचेरीतून लवकर आले. दार उघडताच मी सवयीप्रमाणे चहाचे आधण ठेवले आणि मग आठवले की ही मुले चहा-कॉफी घेत नाहीत. जपानी हिरवा चहाही नाही, ‘मुगिचा’ हा जवाचा काढा तेवढा चालतो. मी कोकम सरबत केले. त्यांनी प्रत्येकी चार पेले घेतले. भाकरी, पिठले, भरली वांगी आणि भात, असा बेत होता. माझे आजोबा शिक्षणासाठी पुण्यात असताना वारावर जेवत : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, आणि ज्या घरचा वार चुके त्या दिवशी उपाशी. ही मुलेही त्यांच्या चर्चमधील कुटुंबांकडे अशीच आळीपाळीने जेवायला जातात, हे ऐकून मी त्यांना आजोबांची गोष्ट इंग्रजीत सांगितली. ‘वार’ हा शब्द त्यांना इतका आवडला की जाताना त्यांनी विचारले, “आमचा वार कोणता?” मी त्यांना बुधवार सांगितला.

गेल्या पालकसभेला मी एकटी गेले. पती गावी गेले होते. शिक्षिकेने सांगितले की, मुलगा गणितात घाई करतो, आणि मी विचारले की, घरी त्याचा सराव कसा घ्यावा. सात-आठ मिनिटे आम्ही बोललो. दोनदा शब्द अडला. दोन्ही वेळा मी थांबले, तो सापडेपर्यंत थांबले, आणि वाक्य पूर्ण केले.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या गोष्टी अशा : वर्गाचे दिवस आणि वेळा प्रत्येक सभागृहाच्या वेगवेगळ्या असतात, त्यामुळे जवळच्या सभागृहाच्या दारावरील फलक पाहावा किंवा रस्त्यात भेटलेल्या कोणत्याही जोडीला ‘एइकाइवा’ एवढे विचारावे. वही-पेन्सिल न्यावी. लहान मुलाला सोबत नेल्यास कोणी हरकत घेत नाही. माझा मुलगा मागे बसून गृहपाठ करतो. बदल्यांच्या आठवड्यात वर्ग होणार आहे का, ते आधी विचारून घ्यावे.

सध्या दोन मुली शिकवितात. त्यांपैकी एक पाच आठवड्यांपूर्वीच जपानमध्ये आली आहे आणि तिला फळ्यावर कांजी, म्हणजे जपानीतील चिनी चित्राक्षरे, लिहिताना मध्येच रेघांचा क्रम विसरायला होतो. अशा वेळी तळमजल्यावरच्या आजी आपल्या खुर्चीवरून उठतात, तिच्या हातातील खडू घेतात, सावकाश एकेक रेघ काढून दाखवितात, आणि इंग्रजीत म्हणतात, “नाउ यू.”